लेण्यांत गर्दी, पण गाईडला काम नाही: वाचकांचे प्रश्न, गाईडताईंची उत्तरं

या वेळी टपाल आणि मेल मिळून बहुतेक पत्रं आमच्याच छत्रपती संभाजीनगर, वेरूळ, अजिंठा भागातली निघाली. मी इथलीच, इथेच गाईडचं काम करते, त्यामुळे काही ओळखीच्या मंडळींनी नाव न घालता चिठ्ठ्या धाडल्यात. अक्षरावरून ओळखलं बरं का, पण कुणाला सांगणार नाही.

प्रश्न: ताई, मी इंग्रजी आणि फ्रेंच गाईड आहे, लायसनवाला. करोनाच्या आधी ऑक्टोबर ते मार्च घरी जेवायला वेळ नसायचा. त्यानंतर माझे ठरलेले ट्रॅव्हल एजंट एकेक करून थंड पडले, दोघांनी तर धंदाच बदलला. आता शनिवार-रविवारी वेरूळला पाय ठेवायला जागा नसते पण ते सगळे आपलेच लोक, गाईड कुणी विचारत नाही. पंचेचाळिशी आली. लाईन सोडून द्यावी का? – एक गाईड, संभाजीनगर

दादा, आधी एक गोष्ट डोक्यातून काढा की हे फक्त तुमच्याच वाट्याला आलंय. देशात 2019 साली साधारण 1 कोटी 9 लाख परदेशी पाहुणे आले होते, 2020 मध्ये ते 27 लाखांवर आले आणि 2021 मध्ये तर जेमतेम 15 लाख, आणि 2023 संपलं तरी 2019 चा आकडा गाठला गेला नव्हता. आणि आपल्याकडे रड करोनाच्याही आधीची आहे. एके काळी मुंबई-औरंगाबाद-उदयपूर-जयपूर-दिल्ली अशी विमानाची माळच होती, फ्रेंच ग्रुप एका दमात महाराष्ट्र आणि राजस्थान करायचे. ती गेली. मग एप्रिल 2019 मध्ये जेट एअरवेज बंद पडली, आपली मुंबई-दिल्लीची सोय अर्धी झाली, त्यात अजिंठ्याला जायचा जळगाव रस्ता इतकी वर्षं उकरून ठेवलेला की शंभर किलोमीटरला लोकांची हाडं खिळखिळी व्हायची, एजंटनी अजिंठा प्रोग्रॅममधून काढायला तिथूनच सुरुवात केली. करोनाने फक्त शेवटचा धक्का दिला. 17 मार्च 2020 ला लेण्यांना कुलूप लागलं ते डिसेंबरमध्ये उघडलं, परत दुसऱ्या लाटेत बंद. तेवढ्यात एजंटच्या ऑफिसातली जुनी माणसं गेली, आता खुर्चीत बसलेल्या नव्या पोरांकडे तुमचा नंबरच नाही. म्हणून पहिलं काम सांगते, फुकटचं आहे: मुंबई-दिल्लीच्या जुन्या सगळ्या एजंटना नव्याने एक मेल टाका, फोटो, लायसनची कॉपी, भाषा, दर, आणि सोमवारी अजिंठा बंद व मंगळवारी वेरूळ बंद हे धरून केलेला दोन दिवसांचा प्रोग्रॅम आयता लिहून. प्रोग्रॅम बनवणाऱ्या नव्या मुलाला हेच माहीत नसतं, तो सोमवारी अजिंठा घालून मोकळा होतो.

पण खरं सांगू का, तेवढ्यावर घर चालणार नाही. तुम्हीच लिहिलंय की गर्दी आहे. म्हणजे माणसं येतायत, आपण त्यांना विकतोय ते त्यांना नकोय.

जरा बघा कोण येतं ते. शिर्डी, शनिशिंगणापूर, घृष्णेश्वर, भद्रा मारुती असं करत नांदेडचं किंवा सुरतचं एक कुटुंब इनोव्हातून उतरतं, आठ माणसं, त्यात दोन म्हातारी आणि तीन पोरं, लेण्यांसाठी हातात दीड तास, तिकीट माणशी 40 रुपये, पंधराच्या आतल्या पोरांना तेही नाही. त्यांच्यापुढे आपण हाफ डेचा दर सांगतो. त्यांचं सगळ्यांचं तिकीट मिळून जेवढं होत नाही त्याच्या कितीतरी पट गाईडचे, कसं घेतील हो? आणि घेतलाच एखाद्याने तर आपण राष्ट्रकूटांच्या वंशावळीपासून सुरू करतो कारण फ्रेंच ग्रुपला तसं आवडायचं.

यांच्यासाठी माल वेगळा पाहिजे. एक तास, एकच दर, तोही आधी सांगितलेला, आणि आठ माणसांत भागून पटेल असा. फक्त 16 नंबरचं लेणं, म्हणजे कैलास, नीट दाखवा. आत गेल्यावर उजव्या अंगाला रामायण, डाव्या अंगाला महाभारत, दगडात पट्ट्या-पट्ट्यांनी कोरलेलं, तिथे आजीलाच विचारा हा प्रसंग कुठला, ती सांगते आणि मग आख्खं कुटुंब तुमचं. पुढे रावण कैलास हलवतोय ते शिल्प, आणि वेळ उरला तर 10 नंबरचं चैत्यगृह, दगडात कोरलेल्या लाकडासारख्या वाशांमुळे लोक त्याला सुताराचं लेणं म्हणतात, पोरं तोंड वर करून बघत बसतात. बस. ज्यांना आणखी हवंय ते स्वतःच विचारतात, त्यांना जैन लेण्यांपर्यंत न्या, तिथे 32 नंबरची इंद्रसभा बघायला निम्मी जनता पोचतच नाही.

गिऱ्हाईक गाठायचं मात्र बाहेरच. आत किंवा गेटवर मागे लागणं नको, ते नियमातही बसत नाही आणि आपल्या बॅजची किंमत त्यानेच उतरते. शिर्डीचे टॅक्सीवाले, वेरूळ-खुलताबादचे लॉजवाले, धर्मशाळेचे मॅनेजर, हे तुमचे आताचे एजंट. पूर्वी आपण ड्रायव्हरला चहा पाजायचो नाही, आता पाजा. हसू नका, सिरियसली सांगतेय, माझं गेल्या दोन सीझनचं निम्मं काम ड्रायव्हर लोकांच्या फोनवरून आलंय, आणि त्यातले कित्येक जण मला अगदी नीट ब्रीफिंग देतात, पार्टी कुठली, म्हातारं माणूस आहे का, मूड कसा आहे, जे कुठल्याच व्हाऊचरवर कधी लिहिलेलं नव्हतं.

दुसरं, शहर. आपण सगळे लेण्यांकडे पळतो आणि शहर रिकामं सोडतो. मलिक अंबरने 1610 च्या सुमारास खडकी, म्हणजे आपलंच शहर, वसवली, जमिनीखालून पाण्याची नहर आणली, मुघलांवरच्या विजयासाठी 1612 मध्ये भडकल दरवाजा बांधला, तिथून पाणचक्की, मग बीबी का मकबरा, मग नान खलिया खायला घालायचा, अर्ध्या दिवसाची मस्त वॉक होते. कंपन्यांच्या ट्रेनिंगला, लग्नाला, परीक्षेला शहरात आलेली माणसं संध्याकाळी हॉटेलच्या खोलीत बसलेली असतात, त्यांना दोन-तीन तासांचं काहीतरी हवंच असतं. विद्यापीठामागची औरंगाबाद लेणी तर शहरातल्याच लोकांनी बघितलेली नसतात. कन्नडकडे पितळखोरा आहे, ट्रेकवाल्या पोरांना आवडतं.

फ्रेंच सोडू नका, गंजू देऊ नका एवढंच. ऑनलाईन शिकवा, ऑफसीझनला चार विद्यार्थी मिळतात. लाईन सोडायची की नाही, तर मी म्हणेन पूर्ण वेळचं म्हणून सोडा, हातातून सोडू नका. वर्षातले चार महिने दुसऱ्या कामाचे धरा आणि त्यात लाज वाटून घेऊ नका, यावर पुढच्या ताईंचंच पत्र आहे.

प्रश्न: माझे मिस्टर गाईड आहेत. लॉकडाऊनमध्ये त्यांनी भाजी विकली, मग पार्सल पोचवायचं काम केलं, आता सीझन बरा असतो पण उन्हाळ्यात परत तेच. ते कुणाला सांगत नाहीत, ओळखीचं कुणी दिसलं की हेल्मेट काढत नाहीत. मला त्याचं काही नाही पण पैशाचा मेळ बसत नाही, सीझनला हात सैल आणि मे महिन्यात दागिना बँकेत. – एक वाचक, सिडको

ताई, हेल्मेटचं वाचून पोटात तुटलं. भाजी विकणारे, रिक्षा चालवणारे, शेतावर परत गेलेले आमच्यातले कितीतरी होते. जपानी बोलणारा माणूस दारात कोथिंबीर घेऊन उभा, हे आम्ही पाहिलंय. त्यांना एवढं सांगा की गाईड लोकांचा जो व्हॉट्सअप ग्रुप आहे ना, त्यात उघड लिहा मी मे-जूनमध्ये हे काम करतोय. बघा, चार जण खाली लिहितील मी पण. एकाने लिहिलं की बाकीच्यांचं तोंड उघडतं.

आता पैशाचं, कारण पत्राचा खरा गाभा तोच आहे. आमच्या धंद्यात महिन्याचा हिशेब चालत नाही, वर्षाचाच करावा लागतो. सीझनचे सहा महिने जी कमाई होते ती बारा महिन्यांची आहे असं धरायचं. मिस्टरांचे पैसे सगळे एका खात्यात येऊ द्या आणि घरखर्चाला दर महिन्याला तेवढीच ठराविक रक्कम दुसऱ्या खात्यात, सीझनलाही तेवढीच. डिसेंबरमध्ये खात्यात पैसे दिसतात आणि घरात नाही म्हणायचं जिवावर येतं, माहितीय मला. पण नवा फ्रीज घ्यायचाच असेल तर मार्च संपल्यावर घ्या, तेव्हा खरं काय उरलंय ते दिसतं. भिशी लावत असाल तर तुमचा नंबर मे किंवा जूनचा मागून घ्या, बायका समजून घेतात, मी दरवर्षी मागते.

दागिन्यावर कर्ज वाईट नाही, क्रेडिट कार्डावर किराणा भरण्यापेक्षा शंभर पटीने बरं. पण दरवर्षी तोच दागिना जात असेल तर तो आता दागिना राहिला नाही, तो तुमचा ऑफसीझनचा फंड आहे, मग सरळ तेवढे पैसे बाजूला टाकून व्याज वाचवा की. आणि विमा. गाईडचा पाय मुरगळला की महिनाभर शून्य, अजिंठ्याच्या पायऱ्या कुणाला सोडत नाहीत. बँकेतून वर्षाला 20 रुपयेवाला अपघात विमा आणि 436 रुपयेवाला जीवन विमा, दोन्ही प्रत्येकी 2 लाखांचे, पंतप्रधान सुरक्षा बिमा आणि जीवन ज्योती नावाने आहेत, सुरू आहेत का ते पासबुकात बघा, कारण खात्यात शिल्लक नसली की हप्ता जात नाही आणि पॉलिसी गुपचूप बंद पडते. मे महिन्याच्या शेवटी हप्ता कापतात, नेमकं आपलं खातं कोरडं असतं तेव्हा.

प्रश्न: मॅडम मी नवीन गाईड आहे. हल्ली पाहुणे व्हिडिओ बघून येतात आणि मलाच सांगतात की कैलास एलियननी बांधलं, खाली बोगद्यात शहर आहे. नाही म्हटलं तर म्हणतात तुला माहिती नाही. हो म्हटलं तर टीप चांगली मिळते. काय करू?

हो म्हणू नकोस. तत्त्वाचं नंतर बोलू, आधी धंद्याचं बोलते: एलियन त्यांना मोबाईलवर फुकट मिळतो, तेच ऐकायला तुला पैसे कशाला देतील पुढच्या वेळी?

पण तोंडावर खोडूनही काढू नकोस, माणूस सुट्टीवर आलेला असतो, त्याला वर्गात बसवायचं नाही. त्याला म्हण, चला दाखवतो कसं केलं असेल. कडेच्या भिंतींवरचे छिन्नीचे घाव दाखव, बोट फिरवायला नको सांगून. मग 30 नंबरला ने, छोटा कैलास, तसंच एका दगडातलं देऊळ करायला घेतलेलं पण अर्धवट राहिलेलं. अजिंठ्याला असशील तर 24 नंबर आहेच, एवढा मोठा विहार अर्धा सोडलाय की काम कुठून कसं सरकत होतं ते समोर दिसतं. पूर्ण झालेल्या लेण्यापेक्षा अपुरं लेणं जास्त बोलतं, आणि गंमत म्हणजे तिथे कुणीच जात नाही त्यामुळे पाहुण्याला वाटतं आपल्याला काहीतरी खास दाखवलं.

आणि तुला चमत्कारच सांगायचा असेल तर खरा सांग की. बडोद्याला राष्ट्रकूटांचा एक ताम्रपट सापडलाय, इ.स. 812-13 चा, त्यात एलापूरच्या म्हणजे वेरूळच्या देवळाचं वर्णन आहे, पहिल्या कृष्णराजाने करवून घेतलेलं, की आकाशातून जाणारे देव ते बघून चकित झाले, म्हणाले हे माणसाचं काम नव्हे, आणि ज्याने घडवलं तो कारागीरसुद्धा म्हणाला की हे माझ्या हातून झालं तरी कसं, परत नाही जमायचं. म्हणजे बाराशे वर्षांपूर्वीही लोकांना हाच प्रश्न पडला होता! हे सांग आणि गप्प उभा राहा. एलियनवाला पाहुणा फोन खिशात ठेवतो, मी अनेकदा पाहिलंय.

तुझा स्वतःचा व्हिडिओ करायचा विचार असेल तर कर, पण फ्लॅश नको आणि ट्रायपॉडला पुरातत्व खात्याची परवानगी लागते, ती न घेता उभा केलास तर गार्ड पाहुण्यांसमोर बोलेल आणि ते फार वाईट दिसतं.

प्रश्न: मी बीए इतिहास झाले, फुलंब्रीची आहे. गाईड व्हायचंय पण घरचे म्हणतात बुडत्या धंद्यात कशाला जातेस, आणि मुलीचं हे काम आहे का. लायसन कसं मिळतं?

बाळा, घरच्यांचा पहिला मुद्दा अर्धा बरोबर आहे, दुसरा अजिबात नाही. मी करतेय ना. उलट बायका-मुलं असलेली कुटुंबं, परदेशी एकट्या आलेल्या बायका, आवर्जून बाई गाईड मागतात आणि आपल्याकडे बाया अजून मोजक्याच.

लायसनचं असं, संरक्षित स्मारकात पैसे घेऊन पाहुण्याला फिरवायचं तर पुरातत्व खात्याचा परवाना लागतो, 1959 च्या नियमांत ते आहे, त्यामुळे कुणी म्हणालं चल माझ्यासोबत बॅजशिवाय चालतं, तर नाही चालत. पर्यटन मंत्रालयाचा टुरिस्ट फॅसिलिटेटरचा ऑनलाईन कोर्स आहे, घरी बसून होतो, अटी आणि फी त्यांच्या साईटवर वाच, आधी बेसिक कर. राज्याच्या पर्यटन खात्याचीही अधूनमधून गाईड ट्रेनिंगं निघतात, पेपरात लक्ष ठेव. आपल्या विद्यापीठात टुरिझम ॲडमिनिस्ट्रेशनचा विभाग आहे, तिथे चक्कर मार. बॅजचा उपयोग मंदीतच कळतो: जून 2021 मध्ये केंद्राने गाईडसाठी 1 लाखापर्यंतचं बिनतारण कर्ज जाहीर केलं, तेव्हा ते फक्त मान्यताप्राप्त गाईडना होतं, देशभरात साधारण 10,700. वर्षानुवर्षं बॅजशिवाय काम केलेली चांगली चांगली माणसं हात चोळत बसली. अर्थात कर्ज हे कर्जच, फेडायचं होतंच, काम नसताना कर्ज घेऊन करायचं काय असं म्हणणारेही बरेच होते आणि त्यांचंही चुकलं नव्हतं.

भाषा शीक. कुठली, तर अजिंठ्याला बौद्ध देशांतून येणारा पाहुणा श्रद्धेने येतो, मंदीतही तो अगदी तुटत नाही, म्हणून मी जपानी म्हणेन, कोरियन किंवा थाई आली तर आणखी उत्तम कारण बोलणारे फार कमी. दोन-तीन वर्षं लागतील. तोवर शाळांच्या सहली धर, जानेवारीत एसट्या भरून येतात आणि सरांना पन्नास पोरं आवरता आवरत नाहीत, मराठीत गोष्ट सांगणारी ताई मिळाली तर हवीच असते. पैसे थोडे, पण पोरांना पाच मिनिटं गप्प बसवता आलं की जगातल्या कुठल्याही ग्रुपला सांभाळशील. आणि पहिली दोन वर्षं एखादी अर्धवेळ नोकरी राहू दे, घरच्यांची काळजी तेवढ्याने निम्मी होईल.

प्रश्न: आम्ही पुण्याहून चौघं येतोय, डिसेंबरात. फोनवर सगळी माहिती असताना गाईड का घ्यावा? आणि घेतला तर तो दुकानात नेतोच असा अनुभव आहे.

नाही घेतला तरी चालेल हो, जबरदस्ती नाही. घेणार असाल तर वेरूळला एकदा घ्या आणि अजिंठ्याला नक्की घ्या, कारण तिथे अंधार असतो, चित्रं उडालेली आहेत, 1 नंबरमध्ये पद्मपाणी बोधिसत्त्वाचं चित्र समोर असूनही लोक भलत्याच भिंतीकडे बघत बाहेर येतात, आणि 17 नंबरमधल्या जातककथा कुठून कुठे वाचायच्या हे फोन सांगत नाही. चित्रांच्या लेण्यांत जास्त वेळ थांबू देत नाहीत, म्हणून चांगला गाईड बाहेर ओट्यावर बसवून आधी सगळं सांगतो आणि मग आत फक्त दाखवतो. तुमचा गाईड तसं करत नसेल तर तुम्ही सांगा करायला.

दुकानाचं, लपवण्यात अर्थ नाही, कमिशन असतं. कामाचे दिवस कमी झाले तसं काही जणांचं त्यावर अवलंबणं वाढलं, मला ते आवडत नाही पण का होतं ते कळतं. सोपा उपाय, ठरवतानाच सांगा की दुकान नको आणि फी पूर्ण देऊ, घासाघीस करणार नाही. फी अर्धी करून घ्यायची आणि वर दुकानात नेलं म्हणून चिडायचं, हे दोन्ही एकदम नाही चालत. पैठणी किंवा हिमरू खरंच घ्यायचं असेल तर तसं सांगा, मागावर चाललेलं काम बघायला मिळेल.

बाकी तुमचे दिवस सोमवार-मंगळवारचे येत असतील तर सोमवारी वेरूळ आणि मंगळवारी अजिंठा, उलटं केलंत तर दोन्हीकडे कुलूप. अजिंठ्याला फर्दापूरजवळच्या टी पॉईंटला गाडी लावून पुढे बसने जावं लागतं, नाताळच्या सुट्टीत त्या बसची रांग भयंकर असते, म्हणून शहरातून सकाळी सहाला निघा, नाश्ता बांधून घ्या.